छळ किंवा दुर्लक्ष सोसलेलं तान्हं बाळ विकास-उपचारापर्यंत कसं पोहोचवायचं: नव्या कार्यकर्त्यांसाठी

शिशुगृहातलं १४ महिन्यांचं बाळ. पाळण्यात उताणं, नजर वरच्या पंख्यावर. डोक्याच्या मागचे केस गादीवर घासून गेलेले, तिथे तळहाताएवढं टक्कल. मी खुळखुळा वाजवला. डोळे वळले, हात मात्र उठला नाही. सांभाळणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "लई गुणाचं हाय ओ ताई, रडतच नाही."

त्या बाळाची फाईल चोख होती. पोलिसांचं पत्र, बाल कल्याण समितीचा आदेश, वैद्यकीय दाखला, सामाजिक तपासणी अहवाल सगळं जागच्या जागी. त्यातले निम्मे कागद मी स्वतः केले होते. विकासाच्या तपासणीचा मात्र एकही कागद नव्हता. बाळाला मारहाणीतून बाहेर काढून आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत ते बसायला शिकलं नाही, हे कुणाच्याच नोंदीत आलं नव्हतं.

तुम्ही जिल्हा बाल संरक्षण कक्षात, समितीच्या कार्यालयात, एखाद्या संस्थेत किंवा अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून नुकत्याच रुजू झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आपल्याकडे बाळाचं संरक्षण महिला व बाल विकास विभागाकडे आणि विकासाचे उपचार आरोग्य विभागाकडे असतात. दोन्ही ठिकाणी चांगली माणसं आहेत. पण एका दारातून दुसऱ्या दारात बाळाला कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं, आणि ते काम कुणाच्याच कामाच्या यादीत ठळकपणे लिहिलेलं नसतं. ते आपलं समजा.

कोणत्या बाळाला पाठवायचं

माझा नियम सोपा आहे. वय तीन वर्षांच्या आत आणि छळ, मारहाण, उपासमार, सोडून देणं किंवा गंभीर दुर्लक्ष झाल्याचं दिसलं, की पाठवायचं. बाळ मागे पडलेलं दिसण्याची वाट बघायची नाही. आपल्याला जे 'ठीक' वाटतं त्यातलं बरंचसं प्रशिक्षित डोळ्यांना ठीक वाटत नाही. शिवाय मेंदूची वाढ या वयात जितक्या वेगाने होते तितकी पुढे कधीच होत नाही. सहा महिने वाट बघणं म्हणजे एक वर्षाच्या बाळाचं अर्धं आयुष्य.

अमेरिकेत हे कायद्यातच आहे. २००३ सालच्या दुरुस्तीपासून, छळ किंवा दुर्लक्ष सिद्ध झालेल्या तीन वर्षांखालच्या प्रत्येक बाळाला शीघ्र हस्तक्षेप सेवेकडे, म्हणजे लहान वयातच मिळणाऱ्या विकास-उपचारांकडे, पाठवण्याची कार्यपद्धती तिथल्या राज्यांना ठेवावी लागते. नोंद झाल्यावर सात दिवसांत पत्र जायला हवं, आणि पत्र पोहोचल्यापासून ४५ दिवसांत तपासणी होऊन कुटुंबासाठी योजना ठरवण्याची बैठक व्हायला हवी. हे सात दिवस मी माझ्या टेबलासमोर लिहून ठेवले आहेत. तुम्हीही ठेवा.

तीन ते सहा वयाच्या मुलांनाही पाठवायचंच आहे. पण धावपळीत निवड करायची वेळ आली तर तान्हं बाळ आधी.

त्याआधी: बाळ आज रात्री सुरक्षित आहे का?

नसेल तर बाकी सगळं बाजूला. १०९८ वर फोन, तातडीचं असेल तर ११२. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत समितीपुढे हजर करायचं असतं. नव्या लोकांची इथे एक चूक हमखास होते. दोन वर्षांखालचं बाळ आजारी असेल तर त्याला रुग्णालयातून उचलून समितीपुढे न्यायचं नसतं. फोटोसह लेखी अहवाल २४ तासांत समितीला पाठवायचा आणि बाळ बरं झालं की वैद्यकीय दाखल्यासह हजर करायचं. सलाईन लावलेलं बाळ रिक्षातून समितीच्या बैठकीला आणलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या हातून ते होऊ देऊ नका.

जखमांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही, त्याच्या अंगावर सहसा आपोआप काळे-निळे डाग पडत नाहीत. चार महिन्यांच्या बाळाच्या गालावर, कानावर, मानेवर किंवा पोटावर डाग दिसला, वरच्या ओठाच्या आतला पडदा फाटलेला दिसला, तर "पाळण्याचा दांडा लागला" हे ऐकून घ्या, पण त्यावर थांबू नका. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जोरजोरात हलवलेल्या बाळाला बाहेरून ओरखडाही नसू शकतो. डोक्याच्या आत आणि डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झालेला असू शकतो. उलट्या, सुस्ती, झटके असतील तर १०८ बोलवा आणि डॉक्टरांना "हलवल्याचा संशय आहे" हे स्पष्ट शब्दांत सांगा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. बाळ बोलू शकत नाही, म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

आणि गरिबीला दुर्लक्ष म्हणू नका. दसरा-दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीची गाडी भरते, ती पाडव्याच्या आसपास परतते. मधल्या काळात बाळ उसाच्या फडाच्या कडेला झोळीत असतं, कारण उचल (आगाऊ पैसे) घेतलेली आहे आणि कोयता दोघांचा मिळून एक असतो, म्हणजे नवरा-बायको दोघांनाही कामाला जावंच लागतं. त्या आईला बाळाची काळजी नाही असं म्हणणं अन्याय आहे. ती बाळाला पाजते का, बाळ रडलं की उचलते का, त्याच्याशी बोलते का, हे बघा. तसं असेल तर त्या घराला आधार हवा आहे, चौकशी नको. पण बाळ मागे पडत असेल तर विकास तपासणीची गरज त्यालाही तितकीच आहे. ते पत्र आरोग्याच्या वाटेने जाऊ द्या, समितीच्या वाटेने नको.

अर्धा तास बाळाजवळ बसा

पत्र लिहिण्याआधी हे करायचंच. फाईल वाचून लिहिलेलं पत्र आणि बाळ पाहून लिहिलेलं पत्र, डॉक्टरांना पहिल्या ओळीत फरक कळतो. बाळाचं पोट भरलेलं असेल आणि झोप झालेली असेल अशा वेळी जा. चटईवर बसा. आधी काहीच करू नका, फक्त बघा.

साधारण दोन महिन्यांचं बाळ तुमच्याकडे बघून हसतं. चार महिन्यांपर्यंत मान धरतं. आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसतं. वर्षाच्या आसपास नाव घेतलं की वळतं, टाटा करतं, बा-बा, दा-दा अशी बडबड करतं. दीड वर्षापर्यंत चालतं आणि दोन-चार शब्द बोलतं. दोन वर्षांचं "पानी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करून मोजा. एमसीपी कार्डावर (माता-बाल संरक्षण कार्ड) हे टप्पे चित्रांसह दिलेले असतात, ते सोबत ठेवा.

पण छळ सोसलेल्या बाळांमध्ये टप्प्यांपेक्षा मोलाची खूण वेगळीच असते. अनोळखी माणसाने उचललं तर बाळ ओळखीच्या माणसाकडे वळून बघतं का? पडल्यावर, टोचल्यावर कुणाकडे झेपावतं का, की एकटंच गप्प होतं? कुणीही उचललं तरी सारखंच चिकटतं का? हात जवळ नेला की डोळे मिटून आक्रसतं का? भूक लागली तरी रडत नाही का? रडून कुणी येत नाही हे शिकलेलं बाळ रडणं सोडून देतं. त्याला गुणाचं म्हटलं जातं. माझ्या यादीत असं शांत बाळ सगळ्यात वर असतं.

एक हात सतत मुठीत, एकाच बाजूचा वापर, पाय कात्रीसारखे ताठ, आवाजाकडे न वळणं, डोळे स्थिर न राहणं, दूध पिताना ठसका, आधी येत असलेली गोष्ट विसरणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेसह लिहून घ्या. सांभाळणाऱ्यांची परवानगी असेल तर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. तो फक्त डॉक्टरांना दाखवायचा आणि काम झालं की फोनमधून काढून टाकायचा. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही. बालकाची ओळख उघड करण्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये मनाई आहे, आणि आपल्या गटात पन्नास माणसं असतात.

सहा महिन्यांवरच्या बाळाचा दंडघेर मोजून घ्या. ११५ मिलीमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषित आहे. त्याला आधी आहार-उपचार लागेल. पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करताना विकास तपासणीचं पत्रही सोबतच द्या. उपाशी बाळ व्यायाम करू शकत नाही हे खरं. पण ते तिथे दाखल असताना आई किंवा मावशी दिवसभर त्याच्याजवळ असते, आणि खेळवणं शिकवायला तो उत्तम काळ असतो.

पाठवायचं कुठे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरहून झाली. या कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असतात. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, अशी चार अंगांनी तपासणी होते आणि ज्यांना पुढे पाठवायचं त्यांच्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात, तुम्हीही तेच विचारा. रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर पूर्ण मराठी नाव घेतलंत तर कदाचित चुकीच्या मजल्यावर पोहोचाल.

आराखड्यानुसार तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्र तपासनीस, विशेष शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ता असतात. प्रत्यक्षात एखादं पद रिकामं असतं, म्हणून जाण्याआधी फोन करून कोणत्या वारी कोण बसतं ते विचारा. सेवा मोफत आहे. पथकाच्या पुढच्या फेरीची वाट बघण्याची गरज नाही. तुमच्या पत्रावर थेट जाता येतं.

तिथे नेमक्या चाचण्यांनी वय आणि विकास यांची तुलना होते. डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला भारतीय बाळांवर प्रमाणित केलेली 'डासी' ही त्यातली एक. ३० महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ बाबी तीत आहेत. ऐकू येतं का हे बघायला आधी कानाची साधी यंत्र-तपासणी आणि गरज पडली तर बेरा (आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे बघणारी चाचणी) होते. मुंबई परिसरात असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत २०२१ पासून सर्व प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांचाही उपयोग करून घ्या.

पत्र असं लिहा

"बालकाची तपासणी करून अहवाल द्यावा ही विनंती." असं पत्र गेलं की बाळाचं वजन होतं, छातीला नळी लावून बघितलं जातं आणि 'प्रकृती ठीक' असा शेरा येतो. डॉक्टरांचा यात दोष नाही, कारण आपण काही विचारलेलंच नसतं.

त्याऐवजी असं लिहा: "मुलगी, वय ११ महिने, जन्म पूर्ण दिवसांची, जन्मवजन २.१ किलो. तीन महिन्यांपूर्वी डोक्याला मार लागून दाखल होती, डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे. सध्या आजीकडे आहे. आधाराशिवाय बसत नाही. उजवी मूठ उघडत नाही, सगळं डाव्या हाताने घेते. नावाला वळत नाही, भांडं पडलं तर दचकते. दोन आठवड्यांत तिला हसताना कुणी पाहिलेलं नाही. दंडघेर १२१ मिमी. विनंती: विकास तपासणी, ऐकण्याची व दृष्टीची तपासणी, उजव्या बाजूसाठी फिजिओथेरपी मत, आणि आजीला घरी करायचे व्यायाम शिकवणे. पुढील तारीख आजीच्या कार्डावर लिहावी व आमच्या कार्यालयास कळवावी."

बास, एवढंच. गुन्ह्याची हकीकत लिहू नका. कुणी मारलं, आईचं कुणाशी काय, हे वाचा-श्रवणतज्ज्ञाला लागत नाही. लागतं ते एवढंच की डोक्याला मार लागला होता, कधी लागला आणि उपचार काय झाले. सोबत डिस्चार्ज कार्ड, एमसीपी कार्ड, जन्माची नोंद असल्यास ती आणि समितीच्या आदेशाची प्रत जोडा. सोबत जाणारी व्यक्ती बाळाची कोण लागते आणि तिला संमती द्यायचा अधिकार कुठून आला, हे त्या आदेशातूनच कळतं. बाळ आईवडिलांकडेच असेल तर त्यांची संमती घ्या. ते आडवे येत असतील तर समितीकडून तपासणीचा आदेश मागा.

आईशी बोलताना

"तुमचं बाळ मतिमंद आहे का ते बघायचंय" असं सांगून एका कार्यकर्त्याने आईला घाबरवलं होतं. ती पुन्हा दारात उभी राहिली नाही, आणि बाळ गेलं ते मामाच्या गावी. तिच्याशी कसं बोलायचं ते मी नंतर एका आशाताईंकडून शिकले. ओट्यावर बसून त्या म्हणाल्या, "वैनी, बाळ कुणाकडं बघून हसतं गं जास्त?" आई म्हणाली, "माझ्याकडंच." "मग त्याला बसायला शिकवायचं तुलाच जमणार. डॉक्टर मॅडम दाखवतील कसं ते. येतीस का मंगळवारी? मी हाय बरोबर."

त्या तीन-चार वाक्यांत धमकी नाही, दोष नाही, आईची जागा कुणी हिरावून घेत नाही, आणि दिवसही ठरलेला आहे. मारहाण बापाने केलेली असेल आणि आई स्वतः मार खात असेल, तर तिच्याशी एकटीशी बोला आणि कौटुंबिक हिंसाचाराची प्रकरणं बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांशी किंवा सखी वन स्टॉप सेंटरशी गाठ घालून द्या. बाळंतपणानंतर ती उदास, रिकामी, स्वतःवर चिडलेली दिसत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, आणि पहिला फोन तुमच्यासमोरच लावून द्या. आईला बरं वाटू लागलं की बाळाच्या व्यायामाला खरी सुरुवात होते.

त्या दिवशी सोबत कोण जाणार

संस्थेतून बाळ नेताना जो मोकळा असेल त्याला पाठवतात. हे चुकीचं आहे, आणि यावर तुम्ही हट्टाने उभं राहा. जी मावशी, आजी किंवा आई बाळाला रोज भरवते, तीच गेली पाहिजे. झोप कशी, शी कशी, कुठला घास थुंकतं, हे तिलाच माहीत असतं, आणि व्यायामही तिनेच करायचा असतो. थेरपिस्टकडे आठवड्यातून एकदा मिळणारी अर्ध्या तासाची वेळ म्हणजे तिच्यासाठी शिकवणी आहे. उपचार घरी होतो: दूध पाजताना डोळ्यात बघून, आंघोळीआधी तेल लावताना, वाटी-चमचा वाजवताना, बडबडगीत म्हणताना. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळासाठी १०२ ची गाडी मोफत मिळू शकते, आधी विचारून ठेवा.

नंतरचं काम, जे सगळ्यात जास्त सुटतं

पहिली तपासणी होते आणि सगळे सुस्कारा टाकतात. खरी गळती त्यानंतर होते. म्हणून तपासणीचा निष्कर्ष बाळाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात लिहून घ्या, आणि समितीला विनंती करा की पुढच्या आदेशात "दर मंगळवारी थेरपी, दर तीन महिन्यांनी फेरतपासणी" असं स्पष्ट यावं. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची असते; त्या अहवालातच विकासाचा एक परिच्छेद घातला, तर तो अंतिम निर्णयापर्यंत आपोआप सोबत राहतो.

बाळाला कुठे ठेवायचं हाही उपचाराचाच भाग आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० सालापासून १३६ मुलांवर झालेल्या अभ्यासात काही मुलं प्रतिपालक कुटुंबांत गेली, काही संस्थेच्या व्यवस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेली अधिक सावरली. म्हणून आजी, मावशी, काका सांभाळायला तयार असतील तर पैशांवाचून त्यांचा विचार सोडू देऊ नका. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रायोजकत्वाचे दरमहा ४००० रुपये मिळू शकतात, आपल्या राज्याची बाल संगोपन योजनाही आहे. अर्ज तुम्हीच भरून द्या. आजीला ऑनलाइन अर्ज जमत नाही म्हणून बाळ संस्थेत जाणं हे मला सहन होत नाही.

गावात अंगणवाडी सेविका आणि आशाताई हे तुमचे डोळे. बाळ तीन महिन्यांचं झाल्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आशाची घरभेट ठरलेली असते. तिला आधीच सांगून ठेवा की या घरी जाशील तेव्हा या दोन गोष्टी बघ आणि मला फोन कर. काय घडलं होतं ते सांगायची गरज नाही, काय बघायचं ते सांगा.

आणि स्थलांतर. कुटुंब ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा माहेरी जाणार असेल तर तारीख आधी कळायला हवी. मी अशा घरांना नवरात्रात एक फोन करतेच. कुठल्या कारखान्याला जाणार, मुकादमाचा नंबर काय, हे घेऊन तिथल्या जिल्ह्याच्या डीईआयसीला आणि बाल संरक्षण कक्षाला पत्र पाठवते. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) राहूनही व्यायाम होतो, आईला तो शिकवलेला असला की.

फाईल कार्यालयात राहते, बाळ जागा बदलतं. म्हणून प्रत्येक बाळासाठी एक प्लास्टिकची पातळ पिशवी करा. तपासणीचे कागद, व्यायामाची चित्रं, पुढची तारीख, बाळाला काय आवडतं आणि कशाची भीती वाटते याची एक चिठ्ठी, सगळं त्यात. बाळ जिथे जाईल तिथे ती कपड्यांसोबत जाते. त्या १४ महिन्यांच्या बाळाची पिशवी मी उशिराच केली. तरी ते वीस महिन्यांचं असताना दत्तक कुटुंबाकडे गेलं तेव्हा चिठ्ठीवर मावशींनी सांगितलेलं लिहिलं होतं: "पंखा बंद केला की रडतो. उचलून घ्या, लगेच थांबतो."